सागवनातील चिमुकले राखणदार

भाद्रपद सरून आश्विन लागला, म्हणजे निंबोल्याहून असिरगडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा एक विलक्षण देखावा दृष्टीस पडू लागतो. श्रावणात ज्या सागाने ताटाएवढी हिरवीगार पाने पसरून टेकड्या झाकून टाकल्या होत्या, तोच साग आता करपल्यासारखा, तांबूस-करडा दिसतो. दुरून पाहणाऱ्यास वाटते, वणवा तर लागून गेला नाही ना? परंतु जमिनीत ओल अजून आहे, ओढे वाहत आहेत. वणव्याचा हा काळ नव्हे. जवळ जाऊन एखादे पान हाती घ्यावे, तो त्याच्या शिरा तेवढ्या शाबूत राहिलेल्या आणि मधला हिरवा गर नाहीसा झालेला. जुन्या लुगड्याचा पदर विरून त्याची जाळी व्हावी, तसे ते पान उजेडाकडे धरले असता आरपार दिसते.

हे काम अळीचे आहे. सागाला छळणाऱ्या अळ्या अनेक असल्या, तरी त्यांत दोघींची नावे सर्वत्र घेतली जातात. एक पाने खाणारी. तिचे शास्त्रीय नाव हिब्लिया प्युएरा. ही कोवळ्या पानांवर पावसाळ्याच्या प्रारंभापासून तुटून पडते आणि मोठ्या शिरा वगळून सारे पान फस्त करते. पानाच्या कडेचा तुकडा कातरून, तो दुमडून, त्याखाली ती घर करते व भूक लागली की बाहेर येते. दुसरी पानांची जाळी करणारी. तिला शास्त्रज्ञ पूर्वी युटेक्टोना म्हणत, आता पालिगा म्हणतात. ही पावसाळा उतरणीस लागल्यावर जोर धरते, आणि रस्त्यावरून आपणांस जो देखावा दिसतो तो बहुधा हिच्याच कर्तबगारीचा असतो. दोन्ही अळ्यांची पुढे पाकोळी, म्हणजे पतंग, होते. पतंग बिचारा पानाला तोंडही लावत नाही. तो अंडी घालण्यापुरताच सागाकडे येतो.

ह्या दोघींपैकी खरे नुकसान पहिलीकडून होते. जाळी करणारी येते तेव्हा झाडाची वर्षाची वाढ बहुतेक उरकलेली असते व पाने थोड्या दिवसांनी गळावयाचीच असतात. पहिली मात्र ऐन वाढीच्या दिवसांत पाने नेते. मग झाडाला साठविलेल्या पुंजीतून पुन्हा पालवी काढावी लागते आणि खोड जाड होण्याचे राहून जाते. केरळातील निलांबूर येथे सागाची लागवड १८४० नंतरच्या दशकात सुरू झाली. त्या प्रांतातील पीची येथल्या वनसंशोधन संस्थेने निलांबूरच्या कोवळ्या सागवनात, चार ते नऊ वर्षे वयाच्या झाडांवर, ह्या नुकसानीचे मोजमाप करून १९८५ साली ते प्रसिद्ध केले. अळीपासून राखलेल्या झाडांची वाढ आणि अळीने खाल्लेल्या झाडांची वाढ ताडून पाहता, लाकडाची जी भर पडावयास हवी होती तिच्यातील शेकडा ४४ इतका भाग अळीने गिळला होता. आपल्या मध्य प्रदेशात लाकूडविक्रीच्या नफ्यातील काही हिस्सा गावच्या वनसमितीस मिळतो. तेव्हा हा प्रश्न केवळ सरकारचा आहे, असे म्हणून चालावयाचे नाही.

आता थोडे गणित करू. घरातील शाळकरी मुलांकडून हे पाटीवर करवून घेण्यास हरकत नाही. ह्या पतंगाची एक मादी पाचशेच्या आसपास अंडी घालते. अंड्यातून दोन दिवसांत अळी निघते, सुमारे बारा दिवसांत ती पूर्ण वाढते, आठवडाभर कोषात राहते आणि पतंग होऊन बाहेर पडते. म्हणजे साडेतीन आठवड्यांच्या आत एक पिढी पुरी होते. पाचशेपैकी निम्म्या माद्या धरल्या, तर पहिल्या पिढीत २५०, दुसऱ्या पिढीत ६२,५००, आणि तिसऱ्या पिढीत १ कोटी ५६ लक्ष २५ हजार माद्या होतात. आणि हे सर्व एका मादीपासून, अवघ्या अडीच महिन्यांत! ह्या हिशेबाने दिवाळीपर्यंत सातपुड्यात सागाचे एक पान उरता कामा नये. परंतु तसे होत नाही. कित्येक वर्षी तर अळी आली केव्हा आणि गेली केव्हा, ह्याचा गावकऱ्यांस पत्ताही लागत नाही. मग ही कोट्यवधी प्रजा जाते कोठे?

काहींना पक्षी टिपतात, काहींना मुंग्या ओढून नेतात, कोळी जाळ्यात धरतात, पावसाच्या सरी धुऊन नेतात, रोगही पुष्कळ मारतो. परंतु ह्या सर्वांहून निराळ्या रीतीने काम करणारा एक वर्ग रानात आहे, आणि तो आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला आहे. तो वर्ग म्हणजे परजीवी गांधीलमाश्या.

गांधीलमाशी म्हटली की वळचणीला पोळे करणारी, पिवळ्या पट्ट्यांची, चिडली तर तोंड सुजवून ठेवणारी माशी आठवते. ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे त्या तिच्या गोतावळ्यातल्याच, पण त्या पोळे करीत नाहीत, झुंडीने राहत नाहीत आणि त्यांतील बहुतेकींचा मनुष्यास काडीचाही उपद्रव नाही. कित्येक डासाहून लहान. काही तर इतक्या सूक्ष्म, की टाचणीच्या डोक्यावर दोघी-तिघी बसाव्यात. त्यांच्यातील इक्न्युमॉनिड नावाच्या एकाच कुळात आजवर २५,००० च्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत.

ऊ, गोचीड, पोटातील जंत हेही परजीवीच. परंतु गोचीड गाईला मारीत नाही. गाय मेली तर तिचीच उपासमार व्हावयाची. ह्या गांधीलमाशीची तऱ्हा निराळी आहे. ती स्वतः प्रौढपणी फुलातील मध चाखून राहते. मात्र तिची पिले अळीच्या देहावर पोसली जातात आणि शेवटी त्या अळीचा जीव घेतल्याखेरीज राहत नाहीत. मादीच्या शेपटीशी एक सुई असते. दंश करण्यासाठी नव्हे, तर अंडे आत सोडण्यासाठी. पानावर अळी सापडली की मादी आपल्या मिशांनी तिला चाचपते, ती आपल्या कामाची आहे किंवा नाही हे पाहते, पूर्वी दुसरीने तिच्यात अंडे घातले आहे काय ह्याचाही पुष्कळ जातींना अंदाज येतो. आणि मग निमिषार्धात सुई टोचून निघून जाते. अळी क्षणभर वळवळते आणि पुन्हा पान खाऊ लागते. तिच्या दृष्टीने काही झालेलेच नसते.

आत मात्र अंडे फुटून पिलू बाहेर येते. ते अळीचे रक्त व चरबी खाते. ज्या अवयवांवाचून अळी तत्काळ मरेल त्यांना शेवटपर्यंत हात लावीत नाही. शिदोरी नासू नये म्हणून ती जिवंत ठेवण्याची ही युक्ती. अळीच्या रक्तात परक्या वस्तूला वेढून गुदमरून टाकण्याची शक्ती असते; तेव्हा ते अंडे वाचते कसे? ह्याचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडले, आणि ते कोणत्याही कादंबरीकारास सुचले नसते. ह्यांतील पुष्कळ जातींच्या माद्या अंड्याबरोबर एक विषाणूही अळीच्या शरीरात सोडतात. तो अळीची प्रतिकारशक्ती लुळी करतो. हा विषाणू माशीच्या स्वतःच्या देहातच तयार होतो आणि आईकडून लेकीकडे वारशाने जातो.

माशी इवलीशी आणि रान एवढे मोठे; मग तिला अळीचा ठावठिकाणा कळतो तरी कसा? पुष्कळदा खुद्द झाडच तिला बोलावते. अळीने पान कुरतडले की त्या पानातून एक विशिष्ट वास सुटतो. हातांनी पान चुरगळले तर जो वास येतो त्याहून हा वेगळा असतो, कारण अळीची लाळ पानाला लागलेली असते. मक्याच्या रोपांवर अमेरिकेत केलेल्या प्रयोगांतून ही गोष्ट १९९० साली प्रसिद्ध झाली. माशी त्या वासाच्या मागावर येते. मुकी म्हणून ज्यांची आपण गणना करतो त्या झाडांपाशी मदतीस हाक मारण्याचे असे साधन आहे.

आमच्याकडील वडीलधाऱ्यांस ह्या प्रकारची अंधुक ओळख फार पूर्वीपासून होती. भिंतीच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीवर, ओल्या मातीचे घर बांधणारी कुंभारमाशी सर्वांच्या परिचयाची आहे. जुन्या लोकांनी पाहिले, की ती एक अळी उचलून आणते, मातीच्या घरात कोंडते, दार लिंपते; आणि काही दिवसांनी त्या घरातून अळी नव्हे, तर दुसरी माशीच बाहेर पडते. त्यावरून त्यांनी अनुमान काढले, की अळीने भीतीने व ध्यासाने त्या माशीचे इतके चिंतन केले की ती स्वतःच माशी झाली. कीटक-भृंग न्याय म्हणून हा दृष्टांत आपल्या संतवाङ्मयात व प्रवचनांत रूढ झाला. भिंगुरटी हा शब्दही त्यातूनच आपल्या ओळखीचा. दृष्टांत म्हणून तो सुंदर आहे. परंतु मातीचे घर मधेच फोडून पाहिले असते, तर निश्चल पडलेली अळी आणि तिच्यावर ताव मारणारे माशीचे पिलू दिसले असते.

अशी चूक आपल्याच देशात झाली, असे मात्र नव्हे. इटलीतील बोलोन्याचा विद्वान आल्द्रोव्हांदी ह्याने १६०२ साली कोबीवरील अळीच्या अंगातून बाहेर आलेले बारीक पिवळे कोश पाहिले आणि ती अळीची अंडीच असावीत असे समजून तसे लिहिले. अळी ही फुलपाखराचे बालरूप आहे आणि बालके अंडी घालीत नाहीत, हे पुढे उलगडले. त्यानंतर १७०६ साली वॅलिस्नेरी ह्या दुसऱ्या इटालियन पंडिताने त्या कोशांचा खरा उलगडा केला: ती अळीची संतती नसून तिच्या मारेकऱ्याची संतती होती.

ही जुनी चूक मी येथे मुद्दाम सांगतो, कारण ती आजही आपल्या शेतांत घडते. हरभऱ्यावर घाटेअळी पडते, तेव्हा झाडावर कोठे कोठे तांदळाच्या दाण्याएवढा मळकट कोश चिकटलेला आढळतो व जवळच अळीचे वाळलेले कातडे लोंबत असते. एरंडीवरील उंटअळीच्या मागल्या टोकाशीही असाच एक कोश दिसतो. काही अळ्यांच्या पाठीवर तर पांढऱ्या साळीसारखे कोशांचे पुंजके असतात. "पाहा, अळीने अंडी घातली," असे म्हणून आपण ते चिरडून टाकतो. वास्तविक ती अळी मेल्यात जमा असते आणि त्या कोशांतून चार दिवसांत ज्या माश्या निघावयाच्या, त्या शेजारच्या अळ्यांचा समाचार घेणाऱ्या असतात.

सागाकडे परत वळू. सागाच्या ह्या दोन अळ्यांवर जगणाऱ्या परजीवींची यादी देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञांनी ब्रिटिश अमदानीतच तयार करण्यास प्रारंभ केला होता आणि ती बरीच लांब आहे. कोणी अंड्यावर टपलेली, कोणी कोवळ्या अळीवर, कोणी कोषावर. त्यांतील एकीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. तिचे नाव सेड्रिया. जाळी करणाऱ्या अळीला ती दंश करून निश्चल करते, तिच्या अंगावर अंडी घालते आणि मग इतरांप्रमाणे निघून न जाता तेथेच थांबते. अंडी फुटून पिले निघेपर्यंत, ती पोसून कोश विणीपर्यंत, ही आई त्यांच्यापाशी राखण करीत राहते. ज्या वर्गात मातेने अंडे सोडून मागे वळून न पाहणे हाच सर्वसाधारण रिवाज, त्यात ही एक अशी निघावी!

येथे कोणी विचारील, आणि विचारावयासच हवे, की जिवंत प्राण्यास आतून पोखरून खाणे ही जर सृष्टीची रचना असेल, तर त्या रचनेमागे दयाळू हात आहे असे कसे म्हणावे? हा प्रश्न नवा नाही. चार्ल्स डार्विनने मे १८६० मध्ये एसा ग्रे ह्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञास लिहिलेल्या पत्रात नेमक्या ह्याच माश्यांचा दाखला दिला: कनवाळू व सर्वशक्तिमान परमेश्वराने त्या हेतुपुरस्सर घडविल्या असतील, हे आपल्या मनास पटत नाही, अशा आशयाचे त्याने लिहिले. एसा ग्रे स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होता व डार्विनचा मित्रही होता. दोघांचा पत्रव्यवहार त्यामुळे तुटला नाही. माझ्या मते हा प्रश्न दोन वाक्यांत झटकून टाकणारा उपदेशक आणि त्यावरून ईश्वर नाहीच असे दोन वाक्यांत ठरविणारा पंडित, दोघेही उतावळे होत. अळीला वेदना कितपत होते हे आपणांस मोजता येत नाही. गांधीलमाशी काही प्रवचनकारांच्या सोयीसाठी निर्माण झालेली नाही. सेड्रियाचे वात्सल्य दाखवून लोकांच्या डोळ्यांत पाणी आणावयाचे आणि इतर माश्यांविषयी मौन धरावयाचे, हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. अन्न एकाचे, मरण दुसऱ्याचे, हा रानाचा व्यवहार आहे. कोंबडी कापून सण साजरा करणाऱ्या आपण मंडळींनी त्याविषयी फार सोवळेपणाने बोलू नये.

शिवाय माशी कोणाची मित्र आणि कोणाची शत्रू, हे आपल्या पदरात काय पडते त्यावर ठरते. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन व अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढविण्याचा धंदा आहे. ढिवर समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कोसा काढीत आली आहेत. तेथे एक पिवळी इक्न्युमॉन माशी कोशात सुई खुपसून आतील जीव मारते. तेथील शेतकऱ्यापाशी जाऊन परजीवी माश्यांची थोरवी गाऊ लागलो, तर तो काय म्हणेल हे सांगावयास नको. रानातील अळीही अळीच आणि टसरची अळीही अळीच. माशीच्या लेखी भेद नाही.

तरीही जेथे अळी पिकाच्या वा झाडाच्या जिवावर उठते, तेथे माणसाने ह्या माश्यांस हाताशी धरण्याची विद्या संपादन केली आहे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ट्रायकोग्रामा. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ही अळी जन्मण्याची वाटच पाहत नाही. पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते. अंड्यावर चालून ती त्याचा आकार अजमावते आणि त्या मानाने आत एक पिलू ठेवावे की अधिक, हे ठरविते. अंडे काळे पडते. आठ-दहा दिवसांत त्यातून अळीऐवजी माशी बाहेर येते. पानाचा एक घासही गेलेला नसतो.

हिची पैदास करण्याची रीत आपल्या घरातील बायकांस चटकन कळेल. धान्याला किडा लागून त्याचे जाळे-गुठळ्या होतात आणि डब्याचे झाकण काढताच करडी पाकोळी उडते, ती पाकोळी प्रयोगशाळेत बाजरी-जोंधळ्याच्या भरड्यावर मुद्दाम वाढवितात. तिची अंडी गोळा करून, त्यांतून अळी निघू नये अशी व्यवस्था करून, ती कागदी पट्टीवर चिकटवितात व ट्रायकोग्रामाच्या हवाली करतात. अशा एका पट्टीवर सुमारे वीस हजार अंडी मावतात. पट्टीचे तुकडे करून ते पानांच्या मागे टाचले, की काम झाले. उसावरील खोडकिड्यासाठी ह्या पट्ट्या महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांनी वापरल्या आहेत. सागासाठी हाच उपाय करून पाहण्याचे काम जबलपूर येथील उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्थेने केले. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली आणि आपल्या भागातील सागाच्या ह्या दोन्ही अळ्यांवर चालणारी ट्रायकोग्रामाची एक देशी जात तेथे हाताळली गेली.

अळ्यांचा विषय सोडून एक शेजारचे उदाहरण सांगतो. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला आणि पानांवर पांढरी बुरशी पसरावी तसा शेतांमागून शेते व्यापीत गेला. त्या वेळी फवारणीपेक्षा अधिक उपयोगी पडले ते त्याचे नैसर्गिक शत्रू. त्यांत मावा खाऊन जगणारी डिफा नावाची एक अळी होती. होय, अळीच! आणि आसामातून आणलेली एन्कार्सिया ही इवलीशी परजीवी गांधीलमाशीही होती. ऊस उत्पादकांनी मावा-शत्रू असलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन बांधली. ज्यांनी घाईने विष मारले, त्यांनी माव्याबरोबर हे मदतनीसही गमावले.

परंतु ह्या माश्यांच्या सामर्थ्याविषयी भलत्या आशा बाळगणेही योग्य नव्हे. निलांबूरच्या अनुभवाने एक गोष्ट ध्यानात आली आहे. हिब्लियाचे पतंग कधी कधी प्रचंड थव्यांनी दुरून येतात आणि एकाच वेळी शेकडो एकरांत अंडी घालून जातात. सगळ्या अळ्या एका वयाच्या; दोन आठवड्यांत खाऊन पिऊन कोषात जातात. एवढ्या अवधीत माश्यांची संख्या वाढावी कशी? अशा धाडीपुढे त्यांचे काही चालत नाही. तेथे अळीला होणारा एक विषाणुजन्य रोग अधिक प्रभावी आढळला. पीचीच्या संशोधकांनी तो ओळखून १९८८ मध्ये जाहीर केला आणि पुढे त्याची फवारणीही करून पाहिली. त्या रोगाने अळ्या पानावरच काळ्या पडून लोंबतात. माश्यांचे खरे काम धाड परतविण्याचे नव्हे, तर एरवीच्या साध्या वर्षांत, एरवीच्या साध्या दिवसांत अळीला डोके वर काढू न देण्याचे आहे. गावच्या कोतवालाची किंमत चोरी न झालेल्या रात्रींवरून ठरवावयाची असते. आणि न झालेल्या चोऱ्या कोणी मोजीत नाही.

साध्या दिवसांतील ह्या राखणीवर सर्वांत अधिक विचार देहरादूनच्या सी. एफ. सी. बीसन ह्या वनकीटकशास्त्रज्ञाने केला. १९४१ साली प्रसिद्ध झालेला त्याचा भारतातील वनकीटकांवरील ग्रंथ आजही ह्या विषयातील पायाभूत ग्रंथ समजला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. सागाच्या अळ्या बाराही महिने नसतात. मग त्या नसतात तेव्हा परजीवी माश्यांनी जगावे कशावर? त्यांतील पुष्कळशा जाती इतर झाडाझुडपांवरील निरुपद्रवी अळ्यांवर निभावून नेतात आणि प्रौढ माश्यांना फुलांतील मध लागतो. म्हणून सागाखाली व सागाभोवती नाना जातींची झुडपे, वेली, रानफुले राखली पाहिजेत. सलग सागाची लागवड करण्याऐवजी मधून मधून मूळचे मिश्र रान सोडले पाहिजे. ज्यास आपण झाडोरा म्हणून साफ करतो, ते ह्या राखणदारांचे घर व भाताचे मडके आहे. निंबोल्याच्या आसपास पाहिले तर साग एकटा नाही: धावडा, सालई, अंजन, तेंदू, मोह, पळस, बहावा. बहाव्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, पळसाच्या शेंगांत आणखी कोणी. त्यांपासून आपले काही बिघडत नाही.

परंतु ह्या घराला दरवर्षी आग लागते, आणि ती आपणच लावतो. फाल्गुन-चैत्रात मोह गळू लागला की पाचोळ्यात फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात; तेंदूला कोवळी पाने चांगली फुटावीत म्हणून झुडपे पेटवितात. ती आग झाडाखाली थांबत नाही. पाचोळ्यात, सालीच्या भेगांत, वाळक्या झुडपांवर जे कोश उन्हाळा काढीत असतात, ते तीत भाजून निघतात. कोणी म्हणेल, अळीचे कोषही पाचोळ्यातच असतात, तेही जळतील, बरेच झाले! खरे आहे, तेही जळतात. पण पतंग वाऱ्यावर कोसच्या कोस येऊ शकतो. पहिला पाऊस पडून साग फुटला की तो बाहेरून येऊन हजर. इवलीशी माशी आणि तिच्या पोटापाण्याची ती सारी इतर अळ्यांची वस्ती इतक्या लवकर परत येत नाही, असे मला वाटते. आणि मधल्या काळात अळीला मोकळे रान मिळते.

हे सांगणे सोपे आहे, हे मी जाणतो. ज्या घरात मोहाच्या पोत्यावर पावसाळ्याच्या तोंडचा मीठमिरचीचा खर्च भागावयाचा आहे, त्या घरातील बाईला पहाटे उठून पाचोळ्यात एकेक फूल चाचपत बसा, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? परंतु आगीवाचून मोह वेचताच येत नाही, असेही नव्हे. खराट्याने झाडाखाली खळे करून घेतले किंवा जुनी लुगडी, पोती, जाळी अंथरली, तर फुले स्वच्छ राहतात, त्यांस माती-राख लागत नाही आणि अशा फुलांना व्यापारीही नावे ठेवीत नाही. पेटवावयाचेच असेल, तर पाला झाडाखाली ढीग करून, कडेने जमीन झाडून, पुढे जाऊ न देता पेटवावा. आणि आग विझल्याखेरीज घरी परतू नये. आठ-दहा घरांनी मिळून जाळी विकत घेण्याची व्यवस्था वनसमितीस करता येईल.

विषफवारणीविषयी अधिक लिहीत नाही. केरळात व मध्य प्रदेशातही एके काळी सागावर विमानाने विष फवारण्याचे प्रयोग झाले. ते पुढे चालले नाहीत. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर, अळीसाठी नव्हे तर दुसऱ्या किडीसाठी, सुमारे वीस वर्षे आकाशातून एंडोसल्फान शिंपडले गेले. तेथील गावांतील लोकांना आणि लेकरांना काय भोगावे लागले ते साऱ्या देशाने पाहिले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या विषावर बंदी घातली. रानात वरून पडलेले विष अळीपुरते राहत नाही. ते ओढ्यात उतरते, आणि ओढ्यावर आपली गुरे पाणी पितात.

मुलांसाठी एक काम सुचवितो. येत्या पावसाळ्यात सागाच्या दुमडलेल्या पानाखालची एक अळी पानासकट उचलावी आणि रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत ठेवावी. तोंडावर मलमलीचे फडके बांधावे, झाकण लावू नये. रोज जुने पान काढून ताजे घालावे, तळाची लीद झटकावी, बाटली उन्हात ठेवू नये. अशा पाच-सहा बाटल्या कराव्या व प्रत्येकीवर तारीख लिहावी. दोन-तीन आठवड्यांनी काहींतून करडे पतंग निघतील. त्यांचे मागले पंख उघडून पाहिले तर काळ्यावर नारिंगी ठसे दिसतील. एखाद्या बाटलीत मात्र पतंग निघणार नाही. अळी मधेच खाणे सोडून निपचित पडेल, आणि एके सकाळी फडक्याच्या आतल्या बाजूस, उजेडाकडे तोंड करून, मुंगीला पंख फुटावेत तसे काहीतरी चालताना दिसेल. ती बाटली घरात उघडू नये. सागाखाली न्यावी आणि फडके सोडून बाजूस ठेवावे. ती बहुधा लगेच उडणार नाही. काचेच्या काठावर येऊन पुढच्या पायांनी मिशा पुसत बसेल.